उधाणाच्या दिवशीचं पाणी

दादा, आज पौर्णिमा आहे आणि मी घाबरले आहे. तुम्ही असताना हे वाक्य तुमच्या तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती. एक आत्या सोडली तर सगळे तुम्हाला दादाच म्हणायचे, वाडीवर कामाला येणाऱ्या बाया म्हणायच्या, केळी न्यायला येणारा टेम्पोवाला म्हणायचा आणि पोटची पोर असून मीही तेच म्हणायचे; आणि दादांसमोर कुणी घाबरायचं नाही, हा आपल्या घरातला कायदा होता. आता तुम्ही नाही, कायदा मोडला तरी ओरडायला कुणी नाही. मी विरारला राहते, तिसऱ्या मजल्यावर, सगळे म्हणतात जागा हवेशीर आहे. खाली आमच्या बिल्डिंगची बोअर आहे आणि तिची मोटर दुपारपासून बंद पडली आहे. जिन्यातून बादल्यांचा आवाज येतो आहे, सेक्रेटरींच्या नावाने खडे फोडणं चाललं आहे. ती मोटर का बंद पडली ते मला माहीत आहे, पण ते शेवटी सांगते. आधी आत्याची गोष्ट, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आई गेल्यावर तुमची थोरली बहीण मला सांभाळायला नंदाखालला आली आणि राहिली. मिठागरावरच्या गावात दिलेली, लवकर कपाळ पुसलं गेलेलं, पण आवाज असा की कुंपणापलीकडचं कुत्रं गप्प बसायचं. तुळशीपाशी भाजी निवडत ती मला सांगायची, ‘‘परशुरामानं बान मारला, समुद्र मागं सरला, आन् ही सगळी जमीन वर आली. पन पोरी, पलताना त्याची धाकटी लेक इथंच ऱ्हायली. निजलेली होती ना. आपल्या हिरीत गोड पानी हाय ते तिचं. पुनवेला न् आवसेला बाप जमिनीखालून येतो, लेक निजलीय का बघायला. तवा हिरीत पोहरा टाकायचा नाय. ती जागी झाली का रडनार, न् रडली का बाप तिला घेऊन जानार.’’ मी विचारायचे, घेऊन गेला तर? आत्या देठ मोडायची. ‘‘मंग काय? मंग तोच ऱ्हानार हितं.’’

पौर्णिमेला आणि अमावास्येला, समुद्राला उधाण असेल ते दोन-तीन दिवस, आत्या विहिरीच्या तोंडावर फळी टाकायची आणि फळीवर जास्वंदीचं फूल ठेवायची. प्यायचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, केळींनी दोन दिवस उपास करायचा. गंमत म्हणजे कुंपणापलीकडची ख्रिस्ती मावशी, जी दर रविवारी मिसा चुकवायची नाही आणि आत्याच्या देवांना नाक मुरडायची, तीही त्याच दिवसांत रहाट बांधून ठेवायची. तिच्या गोष्टीत परशुराम नव्हता. कुणी एक संत किनाऱ्यावर हात आडवा धरून उभा राहिला होता आणि समुद्राला म्हणाला होता, इथवरच. त्याचा हात उधाणात दुखतो, म्हणून त्या दिवशी त्याला त्रास द्यायचा नाही. दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही, पण फळी आणि दोरी एकाच दिवशी पडायची. मला तेव्हा यात काही नवल वाटलं नाही. मला फक्त भीती वाटायची. दुपारी घरात सामसूम झाली की मी विहिरीकडे पाठ करून बसत नसे. आंघोळीचं पाणी डोक्यावर घेताना डोळे मिटत नसे, साबण गेला तरी. आपल्या पायाखाली कुणाची तरी लेक झोपली आहे आणि तिचा बाप येऊन जाऊन आहे, हे ज्या पोरीला आई नाही तिच्या मनात किती खोल जातं, ते तुम्हाला कसं कळणार होतं?

तुम्ही हसायचात. वाचनालयातून पुस्तकं आणायचात, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचात, आणि आत्याचं सुरू झालं की खांद्यावरचा पंचा झटकून म्हणायचात, ‘‘पुराणातली वांगी पुराणात! बाण मारून समुद्र हटत असेल तर अर्नाळ्याच्या कोळ्यांना बाणच द्या एकेक, होड्या कशाला पाहिजेत?’’ आत्या म्हणायची, ‘‘हस, हस. बाप हसला तर हसला, पोरीला नको हसवू.’’ तुमचं हसणं मला फार लागायचं, दादा. तुम्ही हसलात की विहीर परत विहीर व्हायची. घरात एक माणूस घाबरत नाही, तोवर बाकीच्यांनी खुशाल घाबरावं, असं माझं चाललेलं होतं.

मग मोटर आली. मी सातवीत होते. इलेक्ट्रिकची, निळ्या रंगाची, तुम्ही तिला हळदकुंकू लावू दिलं नाहीत आणि आत्याने तुमची पाठ वळल्यावर लावलंच. पहिल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, उधाणाचे दिवस सोडून, ती गुणी बाळासारखी चालली. वैशाखात मात्र उन्हाने कहर केला. केळीची पानं दुपारी अंग टाकायची, लोंगरातली केळी वजन धरीनात, आणि पौर्णिमा आली. मला ती दुपार आजही समोर दिसते. आत्या फळीवर फूल ठेवून कठड्याला टेकून उभी आहे, हात कमरेवर. तुम्ही मोटरच्या खोक्यापाशी. बाराचा सुमार आहे, म्हणजे भरतीचीच वेळ. तुम्ही म्हणता, ‘‘बाजूला हो, अक्का. आज पाणी नाही दिलं तर बाग हातची जाईल.’’ आत्या म्हणते, ‘‘परवा दे.’’ तुम्ही म्हणता, ‘‘परवापर्यंत तुझा समुद्र येऊन पाणी घालणार आहे का?’’ मग तुम्ही मला हाक मारलीत. ‘‘इकडे ये गं. तू साक्षीदार. आजपासून या घरातून ही भीती गेली पाहिजे.’’ तुम्ही स्वतः फूल उचललंत, माझ्या केसात खोचलंत, फळी सरकवलीत आणि खटका ओढलात. आत्या घरात गेली आणि देवापुढे नाही, चुलीपुढे जाऊन बसली.

मोटर ऊन उतरेपर्यंत चालली. पाटातून पाणी धावत होतं, केळी पीत होत्या, तुम्ही शीळ घालत होतात. मीही धीट झाले, पाटात पाय सोडून बसले. संध्याकाळी तुम्ही खटका बंद केलात, पितळी पेला पाइपाखाली धरून शेवटचं पाणी घेतलंत, आत्याला हाक मारून बाहेर बोलावलंत आणि आमच्या दोघींसमोर घोट घेतलात. आणि तुमचा घसा थांबला. क्षणभरच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं, पण मी जन्मभर तुमचं तोंड बघून हवामान ओळखणारी पोर. तुमचे डोळे पेल्यातच राहिले. मग तुम्ही घोट गिळलात, मान वर केलीत आणि म्हणालात, ‘‘गोड आहे.’’ तुमच्याकडे असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. पेला माझ्याकडे आला. मी प्यायले. लोणच्याची बरणी विसळल्यावर राहतं तसं पाणी होतं ते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ‘‘कसं आहे?’’ मी म्हटलं, ‘‘गोड.’’ आत्याने पेला घेतलाच नाही. तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या केसातलं सुकलेलं फूल काढून घेतलं आणि फळी ओढून विहिरीवर टाकली.

त्या वेळी मला जी भीती वाटली ती समुद्राची नव्हती. समुद्राची भीती मला सवयीची होती. तुम्ही घाबरला होतात, त्याची ती भीती होती. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की घरात न घाबरणारं माणूस एकही नाही.

आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून सुचेनासं होतं. फळी चार-पाच दिवस विहिरीवर राहिली. नंतर आत्याने पोहरा सोडला, ओंजळीत पाणी घेऊन प्यायली आणि ओट्यावरूनच तुम्हाला ओरडून सांगितलं, ‘‘गोड झालंय रे! ये, पी!’’ तुम्ही हसून मान हलवलीत आणि गेला नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. जेवताना तुमच्या ताटाशी आत्याने भरलेला तांब्या असायचा आणि तुम्ही पाणी प्यायला ख्रिस्ती मावशीकडे जायचात, तिच्या दुखऱ्या गुडघ्याची विचारपूस करायच्या निमित्ताने. तुम्हाला वाटलं आत्या तुमचं मन राखते आहे. वाटणारच. आपणच दोघांनी त्या घरात ‘गोड’ हा शब्द नासवला होता; त्यानंतर तो खरा बोलला तरी कोण ऐकणार? मीही ऐकलं नाही. मी ते पाणी प्यायचे आणि जिभेला विचारायचे, खारट का? आणि जीभ म्हणायची, हो. घाबरलेली जीभ काय सांगते त्याला काय अर्थ आहे, पण मला दुसरी जीभ नव्हती.

पुढच्या पौर्णिमेला तुम्हीच फळी टाकलीत. वांगी, पुराण, कोळ्यांचे बाण, सगळं बंद झालं. उधाणाच्या दुपारी तुम्ही कठड्यावर हाताची घडी घालून बसायचात, जणू कुणाची तरी क्षमा मागायची आहे आणि ते घरी नाहीत. तेवढ्यात विरारमध्ये बिल्डिंगी उठायला लागल्या, आणि वाड्यांमधलं पाणी तिकडे न्यायला आपल्या रस्त्यावर टँकर दिसायला लागले. या वाडीतून, त्या वाडीतून, दिवसरात्र पंप. पौर्णिमा कुठली आणि अमावास्या कुठली. मावशीच्या पोरांनी रहाट विकून टाकला. तुम्ही टँकरवाल्याला फाटकातून परत पाठवलंत, दोनदा आला, दोनदा पाठवलंत. पण दोन-तीन उन्हाळ्यांनी केळींच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, खालची माती पांढरी दिसायला लागली, आणि मग पाणी खरोखरच खारट झालं. सगळ्या आळीचंच झालं. लोक टँकरला शिव्या घालत होते. तुम्ही कुणालाच शिव्या घातल्या नाहीत. तुम्ही केळी कापत होतात आणि एका घावात तुटणाऱ्या बुंध्यावर तीन-तीन घाव घालत होतात. तुमच्या मनात काय चाललं आहे ते मला दिसत होतं, दादा. माझ्या हाताने झालं. मीच तिला जागं केलं.

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, मी मोसंबी सोलत होते तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘‘तुझ्या कॉलेजात असतील ना कुणी शिकलेले? विचार की. आपल्या इथे खरंच समुद्र होता का?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, आत्याच्या गोष्टी काय घेऊन बसलात!’’ तुमचंच वाक्य तुम्हाला परत द्यायला गेले, हसवायला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘‘गोष्ट असेल तर बरं गं. खरं असेल तर मग…’’ आणि पाणी मागितलंत. विचारते, मी म्हणाले. माझी परीक्षा संपायच्या आत तुम्ही गेलात. आत्याने तुमच्या तोंडात घातलेलं पाणी नळाचं होतं.

उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली आणि ते आमच्याच दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. तिथले सर भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले, घाटावरचे, विडासुपारीचे शौकीन, कुणी ऐकायला बसलं की खूश. बिल्डिंगचा पाया खणताना खालून शिंपले निघाले ते त्यांनी कपाटात मांडून ठेवलेत. एकदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, ते शिंपले पाहिले आणि वाटी हातात धरून कपाटापाशीच उभी राहिले. समुद्र इथे होता, दादा. सर म्हणाले, होताच; नालासोपारा एके काळी बंदर होतं, आज जिथे घरं आणि बागा आहेत तिथवर खाडीचं पाणी खेळायचं, मग पाणी हटलं, गाळ साठला, जमीन वर आली. मी विचारलं, मग परशुराम? ते हसले. ‘‘बाणाचं मला विचारू नका. समुद्र हटलेला कुणीतरी पाहिला, किंवा शिंपल्यांवरून ओळखला, आणि ज्याने सांगितलं त्याला एवढ्या मोठ्या कामाला तेवढाच मोठा माणूस लागला. पण म्हणून सगळ्या गोष्टी खऱ्या मानू नका हं, वहिनी. एक खरी निघते आणि तिच्या जोरावर दहा खोट्या मिरवून घेतात.’’

मग मी धीर करून लेकीची गोष्ट सांगितली. सर विडा तोंडात धरून ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर उठले, काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी घेतलं आणि चमच्याच्या पाठीवरून हलकेच वर गोडं पाणी सोडलं. म्हणाले, किनाऱ्यालगत असंच असतं, पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर निजल्यासारखं असतं. भरतीला खालचं वर दाब देतं. त्याच वेळी वरून जोरात उपसलं की खारं वर चढतं. ‘‘तुमच्या आत्याबाईंची लेक-बिक काही नाही खाली,’’ ते म्हणाले, ‘‘पण उपसू नका हे मात्र सोळा आणे बरोबर.’’ मी विचारलं, आणि कुणी एकाच दुपारी, एकदाच, उधाणात मोटर लावली असेल तर? विहीर कायमची जाते का? सरांनी हात झटकला. ‘‘छे! त्या संध्याकाळी खारट लागेल. चार-पाच दिवस गप्प ठेवली की खारं परत खाली बसतं. एका मोटरने विहीर मरत नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढंच.’’

म्हणजे आत्या खरं बोलत होती. पाणी गोड झालं होतं. तुम्ही काहीही केलं नव्हतं, दादा, तुम्ही निर्दोष होतात, आणि मी सरांच्या बैठकीत विरजणाची वाटी धरून ढसाढसा रडले. त्यांची बायको धावत आली, तिला वाटलं सर काही घालूनपाडून बोलले. तुम्हाला हे सांगायला धावत जावं असं वाटलं, आणि जायला जागा नव्हती. त्या विहिरीवर वाडीच्या नव्या मालकाने स्लॅब टाकला आहे, त्यावर त्याची मोटारसायकल उभी असते.

पण निघताना सर सहज बोलून गेले. ‘‘एकाने नाही मरत, शेकड्यांनी मरते. आता ही आपलीच बोअर बघा ना.’’ आणि मला वाटलं होतं की उत्तर मिळालं की भीती जाईल! गोष्ट खोटी होती तोवर बरं होतं हो. आता ती खरी निघाली, लेक नसलेली, बाण नसलेली, नवस बोलायलाही कुणी नसलेली. आत्याच्या समुद्राला निदान पोटची माया होती, फूल ठेवलं की तो थांबायचा. सरांच्या ग्लासातला समुद्र कशाने थांबणार? मी तिसऱ्या मजल्यावर झोपते, खाली पार्किंग, त्याखाली पाया, त्याखाली शिंपले, आणि त्याखाली तो. शेजारच्या बिल्डिंगची मोटर सुरू झाली की मी उठून बसते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उठून बोलले. बोअर आणखी खोल न्यायची म्हणत होते. मी म्हटलं, खोल नेऊ नका, आणि निदान उधाणाच्या दिवशी दुपारी मोटर लावू नका. सेक्रेटरी सज्जन माणूस, पण म्हणाले, ‘‘वहिनी, अमावास्येला मोटर बंद, मग संकष्टीला लिफ्टपण बंद ठेवायची का?’’ सगळे हसले. सरही हसले, मग खोकून म्हणाले की वहिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तोवर चहा आला होता. धरणाचं पाणी येईपर्यंत काढू कसंतरी, असं ठरलं. ते हसत होते तेव्हा मला राग यायला हवा होता. मला बरं वाटलं, दादा. न घाबरणारी एवढी माणसं एका खोलीत मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

तर आज. बाराचा सुमार, भरतीची वेळ. सगळे कामावर, वॉचमन जेवायला गेलेला. मी खाली गेले, पंपाच्या खोलीत शिरले आणि फ्यूज काढून पदरात बांधला. मागच्या पौर्णिमेलाही काढला होता. त्याआधीच्या अमावास्येलाही. आमच्या एका मोटरने काही फरक पडत नाही हे मला सरांनीच सांगितलं आहे, आणि तरी मी काढते. परवा गुपचूप परत लावीन, लोक म्हणतील आली बाई लाइनीवर. आज जाताना मी पंपाच्या झाकणावर जास्वंदीचं फूल ठेवलं. कुंडीतलं. हे मी कधीच करत नव्हते, आजच केलं. मागे वळले तर लेक दारात उभी. शाळा लवकर सुटली होती, दप्तर पाठीवर तसंच. तिने फूल पाहिलं, माझ्या पदराची गाठ पाहिली. ती सातवीत आहे. म्हणाली, ‘‘आई, तू घाबरली आहेस?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

तोच आवाज, दादा. इतकी वर्षं माझ्याच घशात होता तो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, ‘‘मीपण नाही.’’

आता संध्याकाळ झाली आहे आणि ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली आहे, पण पान उलटल्याचा आवाज येत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. लिहून झालं की फाडीन आणि उठून तिच्याकडे जाईन. तिला खरं सांगायला जीभ वळली पाहिजे, म्हणून आधी तुमच्यापाशी म्हणून बघते. दादा, पाणी खारट होतं. मला कळलं होतं. आणि तुम्हालाही कळलं आहे, हेही मला कळलं होतं.